बटाटा-ग्लुकोज अगर, मुंबईच्या पावसाळ्यात: प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

बाजारातल्या ताज्या धिंगरी अळिंबीच्या देठातला तुकडा घेऊन तिचं कवकजाल (बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांचं जाळं) प्लेटवर शुद्ध वाढवायचं आणि तिरक्या नळ्यांमध्ये, म्हणजे आतलं माध्यम तिरकं गोठवलेल्या नळ्यांत, जपून ठेवायचं, हा प्रकल्प. त्यासाठी लागणारं माध्यम, म्हणजे बुरशीचं गोठवलेलं खाद्य, इथे बटाटा-ग्लुकोज अगर, तयार पावडरीतून न करता घरच्या ओट्यावर करायचं.

धिंगरी घेण्याचं कारण साधं आहे. ती खाण्याची आहे आणि २५ ते २८ अंशांत छान वाढते, म्हणजे इन्क्युबेटर लागत नाही. सुरुवातीलाच दोन नियम भिंतीवर चिकटवले आहेत. घसा, त्वचा, सिंक, गटार, नाल्याचं पाणी यांतलं काहीही प्लेटवर जाणार नाही. आणि कुठलीही प्लेट ३७ अंशांना ठेवली जाणार नाही. शरीराच्या तापमानाला जे जोमाने वाढतं, ते घरात वाढवायची गरज नाही.

बटाटा-ग्लुकोज अगरचं ठरलेलं प्रमाण १ लिटरला असं: बटाटा २०० ग्रॅम, ग्लुकोज २० ग्रॅम, अगर १५ ग्रॅम. आम्ही ३०० मि.ली. करतो आहोत, म्हणजे बटाटा ६० ग्रॅम, ग्लुकोज ६ ग्रॅम, अगर ४.५ ग्रॅम. एवढ्यात ९० मि.मी.च्या १४ प्लेटा होतात, प्रत्येकीत साधारण २० मि.ली. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो, त्याच्यावर साडेचार ग्रॅम अगर मोजणं म्हणजे अंदाजच. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घेतला.

निर्जंतुक प्लास्टिक प्लेटा आणि २५० मि.ली.चे दोन शंकूपात्र प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणले. अगर मात्र किराणा दुकानातलं, लांब पांढऱ्या दोऱ्यांचं चायना ग्रास. ग्लुकोज साधं घ्यावं, चव आणि जीवनसत्त्वं घातलेलं नको. पाणी नळाचं चालतं. मुंबईचं पाणी तलावांचं, मुळात मऊ, आणि क्लोरीन उकळताना निघून जातं.

जिलेटिन का नाही, हे विचारलं जाणारच. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिनच वापरत होते. ते उन्हाळ्यात पातळ व्हायचं आणि काही जिवाणू ते पचवूनही टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे घरात जेली आणि मुरंबे अगर घालून करत. त्यांनी १८८१ च्या सुमारास ते सुचवलं आणि प्रश्नच मिटला. मुंबईतल्या ३० अंशांच्या खोलीत जिलेटिनची प्लेट दुपारपर्यंत टिकणार नाही. अगर साधारण ८५ अंशांना वितळतं, पण पुन्हा गोठतं ते ३२ ते ४० अंशांना. या दोन आकड्यांमधल्या अंतरावरच पुढचं सगळं काम चालतं.

कृती. बटाटा सोलून (सालीत माती, मातीत बीजाणू) एक सेंटिमीटरच्या फोडी केल्या, धुतल्या, ३०० मि.ली. पाण्यात मंद आचेवर ३० मिनिटं शिजवल्या. मलमलीतून गाळलं. फडकं पिळायचं नाही, पिळलं की पिष्ट खाली उतरतं, माध्यम गढूळ होतं आणि त्यात बारीक वसाहती दिसत नाहीत. गाळलेल्या पाण्यात ग्लुकोज विरघळवून पुन्हा ३०० मि.ली. केलं. चायना ग्रास कात्रीने बोटभर तुकड्यांत कापून अर्धा तास थंड पाण्यात भिजवलं, निथळलं आणि उकळत्या रसात टाकून सतत ढवळत विरघळवलं. ढवळणं थांबलं की तुकडे तळाला बसून करपतात. दोरे पूर्ण दिसेनासे व्हायला १२ मिनिटं लागली. चमचा उचलून उजेडात धरला की धारेत काचेसारखे बारीक धागे दिसतात, ते दिसत असतील तोवर झालेलं नाही.

दोन पात्रांत दीड-दीडशे मि.ली. भरलं. तोंडाला कापूस, वरून फॉइल. कुकरमध्ये पाच शिट्ट्या केल्या, उतरवलं, ओतलं.

६ जुलै

प्लेटा गोठल्या आहेत, पण लिबलिबीत. तिरकी केली की कडेचा भाग हलतो, सुईने रेघ ओढली की पृष्ठभाग फाटतो. १५ ग्रॅमचं प्रमाण प्रयोगशाळेच्या शुद्ध अगर पावडरीसाठी आहे. खाण्याच्या अगरची गोठण्याची ताकद कमी असते आणि दर पुडीला वेगळी. शिवाय निथळल्यावरही दोऱ्यांत राहिलेल्या पाण्याचं वजन कुठेच धरलं नव्हतं, दोऱ्यांबरोबर आलेलं पाणी माध्यम पातळ करतं. पुढच्या वेळी २ टक्के, म्हणजे ३०० मि.ली.ला ६ ग्रॅम, आणि शेवटी एकूण माप पुन्हा ३०० वर आणायचं.

नवी पुडी फोडली की आधी चाचणी करावी: ५० मि.ली. पाण्यात १ ग्रॅम अगर उकळून वाटीत ओतायचं, तासाने वाटी उलटी करायची. खाली आलं नाही आणि बोटाने दाबलं तर परत वर आलं, तर पुडी ठीक.

८ जुलै

मऊपणापेक्षा मोठी बातमी. एका पात्रातल्या सातही प्लेटांमध्ये एकसारखी वाढ आहे: फिक्या बदामी रंगाची, कडा सुरकुतलेली, काही ठिकाणी अगरच्या जाडीत रुतलेली. दुसऱ्या पात्रातल्या सातांपैकी पाचांत तेच.

इथे निदान महत्त्वाचं. हवेतून पडलेली वाढ पृष्ठभागावर असते आणि प्रत्येक प्लेटमध्ये वेगळी असते. एकाच पात्रातल्या सगळ्या प्लेटांत एकच वाढ, तीही आतून, म्हणजे माध्यमच निर्जंतुक झालेलं नव्हतं. बटाट्याबरोबर मातीतल्या बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू येतात, आणि ते साध्या उकळण्याने मरत नाहीत. पाच शिट्ट्यांत भात शिजतो, बीजाणू मरत नाहीत.

१४ प्लेटा न उघडता कुकरमध्ये ४५ मिनिटं शिजवल्या आणि फेकल्या. प्लास्टिक वाकडं होतं, म्हणून खाली जुनं पातेलं ठेवावं.

१२ जुलै, शनिवार

कुकरवर सविस्तर लिहायला हवं, कारण घरगुती माध्यमातल्या बहुतेक चुका इथेच होतात.

आपल्याकडचा कुकर शिट्टीच्या वजनाने साधारण १ किलो प्रति चौ. सेंमी दाब धरतो. शुद्ध वाफेचा एवढा दाब म्हणजे जवळपास १२१ अंश, आणि मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे हा आकडा इथे जसाच्या तसा लागू होतो. अट एकच, आत फक्त वाफ हवी. झाकण लावताना आत कोंडलेली हवा तशीच राहिली, तर दाब पूर्ण पण तापमान कमी. अर्धीच हवा बाहेर गेली असेल तर त्याच दाबाला ११२ अंशच मिळतात. शिट्टी वाजते, सगळं व्यवस्थित वाटतं आणि बीजाणू जिवंत राहतात.

म्हणून आजचा क्रम असा. साडेसात लिटरचा उंच कुकर, तळाला जाळी, १ लिटर पाणी. पात्रं दीड-दीडशे मि.ली.नेच भरलेली. अगर उसळतं, दोन तृतीयांशाच्या वर भरलं तर कापूस भिजतो आणि ओल्या कापसातून बुरशी आत शिरते. कापूस न शोषणारा घ्यावा. जखमेला लावायचा पांढरा कापूस वाफ पिऊन चिंब होतो. झाकण लावलं, शिट्टी काढून ठेवली. नळीतून वाफेची सरळ, जोरकस धार सुरू झाल्यावर घड्याळात ५ मिनिटं मोजली. मग शिट्टी बसवली. पहिली शिट्टी झाल्यावर आच इतकी कमी केली की वजन हलकेच फुरफुरत राहील, आणि तिथून २५ मिनिटं. शिट्ट्या मोजल्याच नाहीत, फक्त वेळ मोजला. आच फार कमी झाली की फुरफुर थांबते. ती थांबली की वेळ पहिल्यापासून मोजायचा.

ज्या कुकरची शिट्टी काढता येत नाही, त्यावर ही पद्धत चालत नाही. त्यांच्यासाठी टिंडल यांची जुनी रीत आहे: तीन दिवस रोज ३० मिनिटं वाफेवर १०० अंश, मधल्या वेळात खोलीच्या तापमानाला. पहिल्या दिवशी वाचलेले बीजाणू रात्रीत रुजतात आणि दुसऱ्या दिवशी मरतात. वेळखाऊ आहे, पण पोषक माध्यमासाठी भरवशाची.

गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडायची नाही. बाहेरचा दाब झटक्यात उतरतो आणि आतलं माध्यम शंभराच्या वर असतं, ते उसळून कापसासकट बाहेर येतं. आपोआप थंड व्हायला ४० मिनिटं लागली.

कुकरची परीक्षा म्हणून एका नळीत ५ मि.ली. बटाट्याचा रस आणि कुंडीतली चिमूटभर माती घालून, बूच लावून सोबत ठेवली होती. ही नळी चार दिवस नितळ राहिली तर कुकरवर विश्वास ठेवायचा. गढूळ झाली तर न उघडता परत कुकरमध्ये.

ओतणं. पातेल्यात ५० अंशांचं पाणी घेऊन पात्रं त्यात २० मिनिटं ठेवली. तापमापक नसेल तर उघड्या हाताने पात्र काही क्षण सुखाने धरता येईल इतपत. ४० च्या खाली गेलं तर ओततानाच गाठी होतात. फार गरम ओतलं तर काय होतं ते उद्या दिसेलच, कारण तुलनेसाठी पहिल्या पात्रातल्या तीन प्लेटा मुद्दाम ७० अंशांना ओतल्या.

१३ जुलै

या वेळी माध्यम घट्ट आहे. ६ ग्रॅमचं प्रमाण कायम.

७० अंशांना ओतलेल्या तिन्ही प्लेटांच्या झाकणाला आतून पाण्याचे टपोरे थेंब आहेत. प्लेट हलली की थेंब घरंगळून अगरवर येतो, आणि पृष्ठभागावर पाण्याचा पापुद्रा असला की एका जिवाणूची वसाहत प्लेटभर पसरते. ५० अंशांना ओतलेल्यांवर फक्त धुकं. पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे कोरड्या गावात तासाभरात सुकणारं धुकं इथे दिवसभर सुकत नाही. म्हणजे पाणी मुळातच कमी साचू द्यायला हवं.

तीन गोष्टी उपयोगी पडल्या. पात्र ५० अंशांवर आणणं, ही पहिली. ओतल्याबरोबर प्लेटा एकावर एक रचणं, ही दुसरी: वरच्या प्लेटची ऊब खालच्या झाकणाला मिळते आणि झाकण गार न राहिल्याने वाफ त्यावर साचत नाही. चळतीच्या सर्वांत वरच्या प्लेटवर गरम पाण्याची वाटी ठेवली. आणि गोठल्यावर सगळ्या प्लेटा उलट्या, अगर वर, झाकण खाली. उलट्या ठेवल्या की उरलेलं पाणी झाकणातच राहतं.

१६ जुलै

कशानेही न टोचलेल्या, म्हणजे ज्यांवर मुद्दाम काहीही ठेवलेलं नाही अशा, १४ प्लेटा खोलीच्या तापमानाला चार दिवस ठेवल्या. १० स्वच्छ. चारांत पृष्ठभागावर बुरशीचा एकेक ठिपका, तीन प्रकारांचे: दोन काळ्या भुकटीचे अ‍ॅस्परजिलस, एक निळसर हिरवी पेनिसिलियम, एक लांब राखाडी धाग्यांची, टोकांवर टाचणीच्या डोक्यासारखे काळे ठिपके असलेली रायझोपस. सगळी पृष्ठभागावर, म्हणजे ओतताना पडलेली. मातीची नळी नितळ आहे. म्हणजे कुकर निर्दोष, दोष खोलीतल्या हवेचा.

न टोचलेल्या प्लेटा ठेवणं कधीही चुकवू नये. त्या नसतील तर पुढे उगवलेलं कुठून आलं हे सांगता येत नाही. याच मुंबईत १८९७ साली वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगवून जिवाणू वाढवले, आणि १८९९ पासून ते काम परळच्या जुन्या राजभवनात चाललं. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल इथे एकाच बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. दोष परळला झाला की तिथे, यावर अनेक वर्षं वाद झाला आणि हाफकिन यांना त्याची मोठी किंमत मोजावी लागली. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही साक्ष शेवटी निर्णायक ठरली. चिमटा खाली पडला की तो बाजूला ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा, मग प्लेट साधी का असेना.

१९ जुलै, शनिवार

स्थिर हवेची पेटी केली. ५० लिटरचा पारदर्शक प्लास्टिक डबा आडवा, लांब बाजूला हात जातील अशी ११ सेंमीची दोन भोकं. कापायला तापवलेला, डब्याच्या झाकणाचा पत्रा वापरला. पात्याने कापलं की प्लास्टिकला चीर जाते. आतून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून १० मिनिटं थांबायचं. ७० टक्केच, कारण प्रथिनं बिघडायला पाणी लागतं आणि ९९ टक्क्यांचं लावलं तर ते काम करण्याआधीच उडून जातं. पेटीत ज्योत कधीच नेऊ नये, अल्कोहोलची वाफ बंद जागेत भडकते. पातं बाहेर तापवून आत आणायचं.

पंखा बंद, खिडक्या बंद, एसी बंद, अर्धा तास आधीपासून. घामाने वैताग येतो, पण फिरती हवा हाच बीजाणूंचा रस्ता.

तिसरी खेप त्याच मापाने. सात प्लेटा पेटीत ओतल्या, सात ओट्यावर.

२० जुलै

एक बाजूची चाचणी. जिवाणू रोखायला माध्यम आंबट करतात. अर्ध्या पात्रात सायट्रिक ॲसिड कुकरमध्ये जाण्याआधीच घातलं. गोठलंच नाही, पेजेसारखं राहिलं. आम्ल आणि उष्णता एकत्र आले की अगरच्या साखळ्या तुटतात. आम्ल वेगळं निर्जंतुक करून ५० अंशांना, ओतण्याच्या क्षणी, थेंबाथेंबाने घालायचं आणि सामूच्या पट्टीवर बघायचं. आंबट केलेलं माध्यम परत वितळवायचं नाही. एकदाच वापरायचं.

२३ जुलै

ओट्यावरच्या सातांपैकी दोन बिघडल्या. पेटीतल्या सातही स्वच्छ. आता टोचायला हरकत नाही.

२६ जुलै, शनिवार

धिंगरीचा ताजा, कोरडा, घट्ट झुबका आणला. प्लास्टिकच्या खोक्यात घाम सुटलेला नको, त्यात जिवाणू आधीच शिरलेले असतात. धुवायचा नाही. देठ बोटांनी उभा फाडायचा, कापायचा नाही: सुरीचं पातं बाहेरची घाण आत ओढत नेतं, फाडलेली आतली बाजू मात्र कशालाच लागलेली नसते. देठ आणि टोपी जिथे मिळतात तिथल्या पांढऱ्याशुभ्र गरातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, तापवून गार केलेल्या सर्जिकल पात्याने. पातं गार झालं का हे अगरच्या कडेला टेकवून बघायचं, चुर्र झालं तर थांबायचं. झाकण एका बाजूने दोन बोटं उचलून तुकडा मध्यभागी ठेवला.

पाच प्लेटा. कडेने औषधाच्या दुकानातली कागदी टेप, कारण तिच्यातून हवा जाते. तारीख आणि क्रमांक तळावर लिहिले. झाकणं अदलाबदल होतात, तळ होत नाहीत.

२९ जुलै

क्र. १ आणि ४: तुकड्याभोवती ओली, चकचकीत, मलईच्या रंगाची कड, म्हणजे जिवाणू. क्र. ३: पांढरं उठलं होतं, आज मध्ये गडद हिरवं झालंय. ट्रायकोडर्मा. क्र. २ आणि ५: तुकड्याच्या सगळ्या बाजूंनी कापसासारखे आखूड पांढरे केस, अगरला धरून. तिन्ही बिघडलेल्या प्लेटा न उघडता कुकरमध्ये ४५ मिनिटं.

पाचांतून दोन म्हणजे ठीक. तुकडा टोचताना चार-पाच प्लेटा एकदम कराव्यात त्या यासाठीच.

२ ऑगस्ट

क्र. ५ चा व्यास ३८ मि.मी., कडा गोल, धागे मुळांसारखे बाहेर पसरताहेत. क्र. २ चा ३१, पण एका बाजूला कड थोडी दबलेली, तिथे खाली काहीतरी ओलसर आहे.

पेटीत दोन्हींच्या पुढच्या कडेचे, मूळ तुकड्यापासून सर्वांत लांबचे, ३ मि.मी. चौकोन कापून नव्या प्लेटांवर उलटे ठेवले, वाढ अगरला टेकेल असे. क्र. २ मधून दबलेल्या बाजूच्या अगदी विरुद्ध टोकाचा घेतला. जिवाणू पाण्याबरोबर सरकतात, कवकजाल त्यांच्या पुढे पळतं. पुढची कड घेत राहिलं की दोन-तीन पिढ्यांत प्लेट शुद्ध होते.

१० ऑगस्ट

५ पासूनच्या तिन्ही प्लेटा काठापर्यंत भरल्या. ८ दिवस लागले. पांढरं, दाट, एकसारखं, वास ताज्या अळिंबीचा. आंबट किंवा कुबट वास आला तर दिसो न दिसो, प्लेट बाद. २ पासूनच्या एकीत अजून ओली कड आहे, ती काढून टाकली.

तिरक्या नळ्या: १६ मि.मी.च्या नळीत ६ मि.ली. माध्यम, कुकर, आणि गरम असतानाच लाटण्याला टेकवून तिरक्या. माध्यम बुचापासून निदान ४ सेंमी लांब राहायला हवं. सहा नळ्या टोचल्या, चार भरल्यावर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, दोन बाहेर. साधी पांढरी-करडी धिंगरी फ्रिजची थंडी सोसते, गुलाबी धिंगरी आणि पेंढ्यावरची व्हॉल्व्हॅरिएला अळिंबी सोसत नाहीत, त्या खोलीतच ठेवाव्यात.

न वापरलेल्या प्लेटा उलट्या, चळतीने, प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रिजमध्ये: तीन आठवडे. वापरण्याआधी रात्रभर बाहेर काढून ठेवायच्या, गार प्लेटवर दमट हवा लगेच पाणी सोडते. पात्रात उरलेलं माध्यम उकळत्या पाण्यात पात्र ठेवून एकदाच वितळवता येतं. मायक्रोवेव्हमध्ये करायचं तर झाकण सैल, आणि मिनिटभर न हलवता थांबून मगच बाहेर. हलवल्याबरोबर ते उसळतं आणि चटका खोल बसतो.

१७ ऑगस्ट

सहाही नळ्या भरल्या. लेबल: धिंगरी, क्र. ५, बटाटा-ग्लुकोज, १० ऑगस्ट २०२५. पुढचं टोचण १० नोव्हेंबरला. आजची काच घरगुती ब्लीच एकास नऊ पाण्यात, रात्रभर.